अंड्यांसाठी परसातली कोंबडी: नागपूरच्या उन्हात टिकेल आणि लेकरांना घाबरणार नाही अशी जात कोणती?

मागचं_अंगण (मानेवाडा)

नमस्कार मंडळी. घरामागे २२ बाय १४ फुटांची मोकळी जागा आहे. एका कोपऱ्यात कडुनिंब, पश्चिमेला पाच फुटी भिंत, आणि दुपारी तीननंतर सगळं ऊन त्या भिंतीवरून आत येतं. तिथे चार-पाच कोंबड्या ठेवायच्या आहेत, फक्त अंड्यांसाठी. कापायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. रोजची दोन-तीन अंडी मिळाली की पुरे. कोंबडा नको, शेजाऱ्यांची पहाट खराब करायची नाही.

घरात सहा आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. त्यामुळे टोचणारी किंवा माणूस दिसला की भिंतीवर उडणारी कोंबडी नको. जो तो वेगळं सांगतो: कोणी कडकनाथ घ्या म्हणतं, कोणी आरआयआर, कोणी म्हणतं गावरानच बरी, तिला काही होत नाही.

विचारायचं एवढंच:
१. जात कोणती?
२. एक दिवसाची पिल्लं आणावीत की तयार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या?
३. मे महिन्यात त्यांना जगवायचं कसं? शेड टिनाचं करायचा विचार आहे.
४. बाजारात ‘गावरान’ म्हणून जे विकतात ते खरंच गावरान असतं का?

लाल_तुरा

ताई, जात निवडण्याआधी ‘काटक’ म्हणजे काय ते ठरवून घ्या. इंटरनेटवरच्या बहुतेक याद्या थंड देशांतल्या लोकांनी केलेल्या असतात. त्यांची काटक कोंबडी म्हणजे बर्फात अंडी देणारी: दाट पिसं, भरलेलं अंग, छोटा तुरा. आपल्याला नेमकं उलटं पाहिजे. नागपूरची थंडी कोंबडीला काहीच करत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, पण कोरडी जागा आणि वाऱ्याला आडोसा असला तर मोठी कोंबडी तेवढं सहज सोसते. परीक्षा मे महिन्यात असते. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले आहेत. म्हणून अंग हलकं म्हणजे दीड ते सव्वादोन किलो, पिसं अंगासरशी, तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) मोठे, पाय उघडे, असं बघा. शोभेच्या म्हणून मिळणाऱ्या ब्रह्मा, कोचीन या पायांवर पिसं असलेल्या भारी कोंबड्या स्वभावाने गायीसारख्या गरीब असतात, मुलांना फार आवडतील, पण त्यांना इथे आणणं म्हणजे त्यांचे हाल. उन्हाळ्यात धापा टाकतात आणि पावसाळ्यात पायाच्या पिसांना चिखलाचे गोळे चिकटतात.

आता जातींबद्दल, माझ्या पसंतीच्या क्रमाने.

ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या अंड्यांसाठीच तयार केलेली. वजन पावणेदोन किलोच्या आसपास, अंडं तपकिरी आणि बऱ्यापैकी मोठं. परसात ७२ आठवड्यांच्या वयापर्यंत १६० ते २०० अंडी धरा. खुडूक, म्हणजे अंडी थांबवून उबवायला, क्वचितच बसते. त्याच संस्थेची वनराजाही मिळते आणि विकणारे दोन्ही नावं एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात. पण वनराजा मांसाकडे झुकणारी आहे, वर्षाला शंभर-एकशेदहा अंड्यांवर जात नाही आणि अंगाने जड. तुम्हाला वनराजा नको.

आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड. मूळची अमेरिकेतली असली तरी आपल्याकडे इतकी वर्षं आहे की परकी म्हणवत नाही. परसात १५० ते १८०, चांगल्या खाद्यावर २०० च्या वर. माणसाला लवकर सरावते, पायात घुटमळते. मात्र आपसात दादागिरी करते, म्हणून नवीन कोंबडी एकटी कधी सोडायची नाही. खरी आरआयआर ओळखायची तर रंग पिकलेल्या विटेपेक्षा गडद तांबडा, शेपटीची पिसं काळी आणि उन्हात हिरवट चमकणारी, पाय पिवळे. अंगावर पांढरी पिसं किंवा पाय काळपट असतील तर संकर समजा. संकर वाईट असतो असं नाही, फक्त पैसे संकराचे द्या.

बीव्ही ३८०. व्यापारी तपकिरी अंड्यांची कोंबडी. पूर्ण लेयर खाद्यावर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांसाठीच्या तयार खाद्यावर, वर्षाला २८० ते ३०० च्या घरात जाते आणि स्वभावाने सगळ्यात शांत. पण ती यंत्र आहे. खाद्यात आठ दिवस हयगय झाली की अंडी पातळ कवचाची येतात आणि उन्हाचा फटका हिला आधी बसतो. तुम्हाला रोज दोन-तीनच अंडी पुरणार आहेत, तर या यंत्राची गरज नाही.

कडकनाथ. झाबुआची, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, ऊन सोसणारी. पण वर्षाला ८० ते १०० छोटी अंडी, आणि स्वभाव बुजरा. मुलांच्या हातात येणार नाही, कडुनिंबाच्या फांदीवर मात्र रोज दिसेल. तिचं अंडं काळं असतं हेही खरं नाही, फिकट बदामी असतं. काळ्या अंड्यांचे फोटो फिरतात त्यांवर जाऊ नका.

गावरान उन्हापावसाला खमकी, पण १२-१५ अंडी झाली की खुडूक. वर्षाची साठ-सत्तर अंडी. असील तर मुळीच नको, ती झुंजीची जात आहे.

पाच कोंबड्यांत तीन ग्रामप्रिया आणि दोन आरआयआर घ्या. सरासरी रोज दोन-अडीच अंडी पडतील. मेमध्ये एक आणि पिसं गळण्याच्या दिवसांत कधी शून्यही.

टिन_आणि_तणस

ताई, जात कोणतीबी घ्या, पण टिनाचं शेड बांधसान तं आधी त्याचं पाहा. दुपारी टिन इतकं तापते का खाली पाच फुटांवर उभं राहवत नाही. कवेलू मिळाले तं कवेलू टाका. टिनच टाकायचं असन तं त्याच्यावर अर्धा फूट तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरा, वरून जुनी जाळी बांधा, नाही तं पहिल्याच वावटळीत उडून शेजाऱ्याच्या गच्चीवर जाईन. तणस भंडाऱ्याकडून येते, उन्हाळ्यात गाडीनं मिळते. वरून चुन्याचा हात मारा, चुन्यात थोडं फेविकॉल टाका म्हणजे धरून राहते.

शेड पूर्व-पश्चिम लांब ठेवा. उभं म्हणजे उत्तर-दक्षिण लांब केलं तं पश्चिमेची लांब बाजू ऊन खाते. तुमची तं पश्चिमच उघडी हाये. त्या बाजूनं दोडक्याचा नाही तं गुळवेलाचा वेल चढवा. वेल यायले वेळ लागते म्हणून पहिल्या उन्हाळ्यात बारदाना बांधा आणि तोच ओला करा.

पाण्याचं लोक इसरतात. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मेमध्ये दुपारी चहासारखं असते, कोंबडी त्याले तोंड लावत नाही. पहाटे पाचले पाणी भरून मातीच्या पसरट परळात सावलीत ठेवा, दोन जागी ठेवा. दबंग कोंबडी एका भांड्यावर बसली का बाकीच्या तहानेनं मरतात. दुपारी एकदा बदला. एरवी एक कोंबडी पाव लिटर पिते, मेमध्ये अर्धा लिटर पकडून चाला.

लाल_तुरा

वरच्या भाऊंनी म्हटलं ते शंभर टक्के. त्यात पंख्याबद्दल एक जोडतो, कारण तिथेच चांगल्या माणसांची चूक होते.

कोंबडीच्या अंगाचं तापमान एरवीच ४१ ते ४२ अंश असतं आणि तिला घाम येत नाही. हवा ३५ ची असली तर वारा तिच्या तुऱ्यातून, मानेतून उष्णता ओढून नेतो. पण नागपूरच्या दुपारी हवा ४५ ची असते, म्हणजे कोंबडीपेक्षा गरम. अशा वेळी नुसता पंखा लावला की तो उष्णता काढायच्या ऐवजी अंगात भरतो. तेव्हा फक्त पाणी सुकवणं कामी येतं: तोंड उघडून धापणं, ओला बारदाना, ओली जमीन, कूलर. आपल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलरसमोरची हवा तिशीच्या आसपास येते, म्हणून छोटा कूलर जाळीच्या बाहेरून आत तोंड करून ठेवला तर अकरा ते सहा निभावून जातं. वाळ्याची टट्टी असली तर दुधात साखर. वायर चोचीच्या टप्प्यात नको.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गंमत उलटते. पहिला पाऊस पडतो, हवा दमट होते, पारा ३८ वर उतरतो आणि माणसं कूलर तसाच चालू ठेवतात. आता पाणी सुकतच नाही, शेडमध्ये फक्त दमटपणा वाढतो. ‘ऊन तर कमी झालं, मग कोंबड्या आत्ताच का मेल्या’ हा प्रश्न दरवर्षी याच आठवड्यात येतो. त्या दिवसांत कूलरचं पाणी बंद करा, बारदाना सोडा आणि तेव्हा पंखा लावा.

धापण्याचा अंड्यावर परिणाम कसा होतो तेही सांगतो. सतत धापल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं. म्हणून मेमध्ये अंडं हातात घेताच पिचकतं. खाद्यातला शिंपल्याचा चुरा वाढवून हे पुरतं सुटत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ ग्रॅम खाण्याचा सोडा, फक्त दुपारच्या पाण्यात. खाद्य सकाळी दहानंतर उचलून घ्या आणि संध्याकाळी पाचनंतर पुन्हा ठेवा, कारण पचनाची उष्णता दुपारच्या उन्हात भर घालते.

पंख पसरून, मान लांब करून, डोळे मिटून बसली आणि तुरा जांभळट दिसला तर वेळ घालवू नका. साध्या पाण्याच्या बादलीत पाय आणि पोट बुडेल इतकं दोन-तीन मिनिटं धरा. बर्फाचं पाणी नको, डोक्यावर ओतू नका.

उघडी_मान

सगळे तांबड्या कोंबड्यांवर गेले म्हणून मधेच बोलतो. उघड्या मानेची, म्हणजे नेकेड नेक, कोणी का सुचवत नाही? त्या जनुकाची एक प्रत असली की अंगावरची पिसं साधारण वीस टक्के कमी होतात, दोन्ही प्रती असल्या तर चाळीस टक्क्यांपर्यंत. दिसायला गिधाडासारखी, पण उष्ण भागासाठी हिच्यासारखी नाही. अंगावरच्या पिसांना लागणारं प्रथिन वाचतं, तेही अंड्याला जातं.

आणि ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प? ऑस्ट्रेलियात १९२२-२३ मध्ये सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत सरासरी ३०९ च्या वर अंडी दिल्याचा विक्रम तिच्या नावावर आहे, स्वभावाने आरआयआरपेक्षा गरीब.

लाल_तुरा

उघडी मान चांगलीच आहे, पण वर लिहिलेला हिशेब तिलाही लागू होतो. हवा कोंबडीपेक्षा गरम झाली की उघडी मान उष्णता फेकू शकत नाही. तिचा फायदा मार्च, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मे महिन्यातल्या रात्री: पारा ३२-३३ वर आला की ती लवकर निवते. दुपारसाठी सावली आणि ओलावा तिलाही तेवढाच लागतो. शिवाय ती किती अंडी देईल ते तिच्या आई-बापांच्या वाणावर आहे, आणि गल्लीतल्या विक्रेत्याला ती माहीत नसते. चांगली मिळाली तर पाचात एक जरूर घ्या.

ऑस्ट्रॉलॉर्पचा तो विक्रम सावलीतल्या, निगुतीने खाऊ घातलेल्या कोंबड्यांचा आहे. काळी पिसं उन्हात तापतात. ताईंची पश्चिम बाजू उघडी असताना काळी आणि भारी जात, नको.

लस_वेळेवर

पिल्लं की तलंगा, आणि बाजारातली फसवणूक, हे दोन प्रश्न राहिले.

पाच कोंबड्यांसाठी एक दिवसाची पिल्लं आणू नका. लसीची बाटली शेकडो मात्रांची येते. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, बर्फाच्या थर्मासमधून आणावी लागते आणि विरघळवल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. पाच पिल्लांसाठी बाकीची बाटली फेकून द्यायची. शिवाय पिल्लांत नर-मादी आपल्याला ओळखता येत नाही. पाचात दोन-तीन कोंबडे निघाले की पहाट खराब करायची नाही हा तुमचा नियम मोडला. ८ ते १२ आठवड्यांच्या, लस पूर्ण झालेल्या तलंगा घ्या. विक्रेत्याला तारखांसह हे विचारा: पहिल्या दिवशी मॅरेक्स, ५ ते ७ दिवसांत लासोटा (राणीखेतची सौम्य लस) डोळ्यात थेंब, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो, चार आठवड्यांनी लासोटा पुन्हा, ६ ते ८ आठवड्यांत देवीची लस पंखाच्या पडद्यात, ८ ते १० आठवड्यांत आर२बी. आर२बी ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, जरा जोरकस लस आहे, लहान पिल्लाला देत नाहीत. नुसतं ‘सगळं झालंय’ असं उत्तर आलं तर झालेलं नाही असं समजा.

पुढे लासोटा पाण्यातून द्यायची वेळ आली तर नळाचं पाणी वापरू नका, त्यातलं क्लोरीन लस मारून टाकतं. आदल्या रात्री उघडं ठेवलेलं किंवा विहिरीचं पाणी घ्या, लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला, आणि त्याआधी दोन तास कोंबड्यांना तहानलेलं ठेवा म्हणजे सगळं पाणी लवकर संपतं.

आणायचा महिना: सप्टेंबर. पाऊस ओसरलेला असल्याने रक्ती हगवणीची भीती कमी, ऊन गेलेलं, आणि या तलंगा साधारण २२-२४ आठवड्यांच्या म्हणजे डिसेंबर-जानेवारीत अंड्यावर येतात, जेव्हा दिवस वाढायला लागलेला असतो. मार्चपर्यंत अंगात बसतात आणि मेला सामोऱ्या जातात. एप्रिलमध्ये तयार कोंबडी आणणं सगळ्यात वाईट: जागा नवीन, खाद्य नवीन, वर ऊन.

बाजारात ‘तलंग’ म्हणून विकली जाते ती पुष्कळदा फार्मवरून निघालेली सव्वा-दीड वर्षाची लेयर असते. ओळखायची अशी:

चोचीचं टोक बोथट, भाजल्यासारखं दिसलं तर ती पिंजऱ्यातून आली आहे. पिंजऱ्यात टोचाटोची होऊ नये म्हणून पिल्लपणी चोच कापतात. नखं लांब आणि वळलेली असतात, कारण मातीत कधी उकरलेलंच नसतं.

मग उलटी धरून पोटाखाली, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन पातळ हाडांची टोकं लागतात त्यांच्यात बोटं घालून बघा. तलंगेत एकच बोट मावतं आणि हाडं कडक असतात. दोन-तीन बोटं सहज मावली तर ती अंडी देते आहे किंवा देऊन झालेली आहे.

पिवळ्या पायांच्या जातींत रंगही सांगतो. अंडी देता देता पिवळा रंग ठरावीक क्रमाने उतरतो: आधी गुदद्वार, मग डोळ्याभोवतीची कडा, कानाची पाळी, चोच, शेवटी पाय. पाय पांढुरके, कागदासारखे फिके असतील तर तिने भरपूर अंडी दिलेली आहेत. उरलेली तुमच्या नशिबी.

‘गावरान’ म्हणून मिळणारी सगळी गावरान नसतात. बरीचशी डीपी क्रॉस म्हणजे दुहेरी उपयोगाचे संकर असतात, रंगीबेरंगी पिसांमुळे खपतात. एकाच वयाच्या पन्नास कोंबड्या एकाच मापाच्या दिसल्या तर त्या हॅचरीच्या. खरी गावरान एकसारखी कधी नसते.

जाता जाता बर्ड फ्लूबद्दल. नागपुरात मार्च २०२४ मध्ये त्याचा प्रादुर्भाव झाला होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने दगावले. घाबरायचं कारण नाही, पण फुटाळा-अंबाझरी तलावांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, तेव्हा फिरण्याच्या जागेवर वरूनही छत हवं. पाण्याच्या भांड्यात बगळा-कावळा उतरू देऊ नका. एकाएकी दोन-तीन मेल्या तर उघडून बघू नका, पुरूही नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

मागचं_अंगण (मानेवाडा)

सगळ्यांचे खूप आभार. ग्रामप्रिया आणि आरआयआर नक्की केलं, सप्टेंबरमध्ये आणते. तोवर खुराडं बांधून घेते.

खाद्याचं विचारायचं राहिलं. सासऱ्यांकडे गायीसाठी सरकी ढेप असते, सोयाबीनही घरचं आहे. त्यातलंच कोंबड्यांना चालेल का? आणि घुशी-मुंगसं इकडे भरपूर आहेत, जाळी कोणती लावू?

दाणे_पाणी

ताई, सरकी ढेप मुळीच नाही. विदर्भात हाताशी तीच असते म्हणून ही चूक सगळ्यात जास्त होते. सरकीत गॉसिपॉल असतं. ते पिवळ्या बलकातल्या लोहाशी जुळतं आणि अंडं चार-आठ दिवस ठेवलं की बलक हिरवट-तपकिरी होतो. सरकीच्या तेलातल्या एका प्रकारच्या आम्लामुळे पांढरा भाग गुलाबी पडतो. लोकांना वाटतं अंडं सडलं, आणि दोष कोंबडीवर जातो.

सोयाबीन चालेल, पण कच्चं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारा घटक असतो, खाऊनही कोंबडी वाळते. भाजून, म्हणजे कढईत वास सुटेपर्यंत आणि दाणा दाताने कुडुम फुटेल इतकं, मग भरडून द्या. तेही मूळ खाद्याच्या दहा टक्क्यांपर्यंत.

मूळ खाद्य मात्र लेयर मॅशच असू द्या: १६-१७ टक्के प्रथिन, ३.५ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम. एका कोंबडीला दिवसाला ११० ग्रॅम, म्हणजे पाचींना साधारण साडेपाचशे ग्रॅम, महिन्याला १६-१७ किलो. पन्नास किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून घेतात आणि तीन महिने पुरवतात. उन्हाळ्यात त्यातलं तेल खवट होतं, पावसाळ्यात मक्याला बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. सुटं १५ किलो घ्या आणि पत्र्याच्या डब्यात, जमिनीपासून वर ठेवा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला किंवा वास कोंदट आला तर फेकून द्या. गायीलाही घालू नका.

अंड्यावर येण्याआधी, म्हणजे १८ आठवड्यांपर्यंत, लेयर खाद्य देऊ नका. एवढं कॅल्शियम वाढत्या तलंगेच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. तोवर ग्रोवर मॅश. पहिलं अंडं दिसलं की लेयरवर आणा आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. खाद्यात मिसळू नका, जिला जितका लागतो तितका ती खाते. तांदळाची कणी, ज्वारी मूठभर संध्याकाळी, झोपायच्या आधी. घरचं उरलेलं अन्न चालतं, पण खारट, तळलेलं आणि बुरशीची पोळी नको. कच्च्या बटाट्याची सालं नकोत.

ज्वारीची ती संध्याकाळची मूठ हीच माणसाळवण्याची गुरुकिल्ली आहे. कोंबडी जातीने शांत असली तरी पाठीमागे धावून पकडणाऱ्याला ती ससाणाच समजते. पहिले दोन आठवडे मुलांनी खाली बसून तळहातावर दाणे धरायचे, वरून हात आणायचा नाही, पकडायचं नाही. पकडायचीच असेल तर अंधार पडल्यावर दांडीवरून उचला, हलतही नाही. हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवायचे, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून.

टिन_आणि_तणस

जाळीचं मी सांगतो. षटकोनी भोकांची ती कोंबडी-जाळी कोंबडीले आत ठेवाले हाये, कुत्र्याले बाहेर ठेवाले नाही, दातानं फाडते. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी घ्या. एक इंची भोकातून उंदीर जातो, दोन इंचीतून मुंगसाचं पिल्लू. जाळी जमिनीत एक फूट गाडा आणि तळाशी बाहेरच्या बाजूनं वाकवून घ्या, घूस जाळीच्या बुडाशी उकरते आणि तिथंच अडते. दाराले साधी कडी नको, मांजर ओढते. आडवा खिळा टाका.

माप: पाचींले आत ५ बाय ३ फूट, फिरायले ५० चौरस फूट तरी. दांडी दोन इंच जाडीची, कडा तासलेल्या, जमिनीपासून अडीच फूट, आणि अंड्याच्या पेटीपेक्षा वर. पेटी वर राहिली तं कोंबड्या पेटीतच झोपतात आणि सकाळी अंडं हगलेलं सापडते. पेटी एक फूट चौरस, पाचींले दोन पुरे. खाली तांदळाचं तूस तीन इंच, आठवड्यातून एकदा कोयत्यानं वरखाली करायचं. अमोनियाचा वास तुमच्या नाकाले लागला, का समजा त्यांच्या डोळ्याले आधीच लागला.

मागचं_अंगण (मानेवाडा)

शेवटचं एक. आरआयआर खुडूक बसली तर? आणि भिंत पाचच फुटी आहे, उडून शेजारी जाईल का?

लाल_तुरा

खुडूक बसली की पेटीतून काढून तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा, जमिनीपासून फूटभर वर, खाणं-पाणी आत. पोटाखालून वारा लागला की तीन-चार दिवसांत उतरते. थंड पाण्यात बुडवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. जितक्या दिवस उशिरा लक्षात येईल तितक्या दिवस अंडी जास्त थांबतात, म्हणून रोज संध्याकाळी पेट्या रिकाम्या आहेत ना ते बघा.

उडण्यासाठी एकाच पंखाची बाहेरची दहा लांब पिसं अर्ध्यावर कापा, दोन्ही नाही. तोल गेला की उडताच येत नाही. पिसाच्या देठात रक्त दिसत असेल, म्हणजे देठ निळसर-गडद असेल, तर ते वाढतं पीस आहे, ते सोडून द्या. पीसझड झाल्यावर पुन्हा कापावं लागतं.